केसरबाईंची कादंबरी ठेवायची कुठं?

...अहो पण ठेवू कुठं? हसताय काय! तुमचं बरंय, तुम्ही पुस्तक वाचता, आवडलं तर उशाशी ठेवता, नाही आवडलं तर कुणाच्या तरी लग्नात देऊन टाकता. आम्हाला तसं चालत नाही हो! आम्ही वाचनालयातली माणसं. आमच्याकडं पुस्तक आलं की पहिला प्रश्न चांगलं की वाईट हा नसतो, पहिला प्रश्न असतो ठेवू कुठं? आणि तुम्हाला सांगतो, या तीन शब्दांनी माझं अर्धं रक्त आटवलंय. उरलेलं अर्धं केसरबाईंनी.

आता केसरबाई कोण, हे सांगायला हवं. आमचं गाव जळगाव-धुळे रस्त्यावर. एसटी थांबते, चहा पिते, पुढं जाते. या गावच्या शाळेत केसरबाई मुख्याध्यापिका होत्या. उंच, काटक, पांढरी साडी, आणि पायात अशा चपला की नुसता आवाज आला तरी सबंध शाळा उभी राहायची. मीही उभा राहायचो. शाळा सुटून मला वीस वर्षं झाली होती, मला दोन पोरं झाली होती, तरी रस्त्यात तो चपलांचा आवाज आला की मी सायकलवरून उतरायचो! पुढं बाई निवृत्त झाल्या. म्हटलं सुटलो. कसला सुटतोय? गावानं एकमतानं त्यांना वाचनालयाचं अध्यक्ष केलं. आणि तिथं ग्रंथपाल कोण? मी! तोही तात्पुरता. या गोष्टीच्या वेळीच सात वर्षं तात्पुरता! लग्न तात्पुरता असताना झालं, पोरं तात्पुरता असताना झाली. सासरे दर दिवाळीला विचारतात, "भटूराव, कायमचं काय झालं?" मी म्हणतो, "फराळ छान झालाय."

तर त्या वर्षी बाईंनी काय करावं? कादंबरी लिहिली! "दुपारची पाहुणी". जळगावला छापून घेतली, आणि एक प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली. चारशे पानांची. मी अर्थात उभाच. बाई म्हणाल्या, "भटू, नीट वाच. आणि योग्य जागी ठेव. वर्धापनदिनाला तपासणीचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर मी तुला विचारीन, माझं पुस्तक कुठं आहे. तुला तुझं काम कळतं का ते मला त्या दिवशी कळेल. मग तुझ्या कायम नेमणुकीचं बघू." आणि गेल्या. म्हणजे बघा, बायकोचं, पोरांचं, सासऱ्यांचं, सगळ्यांचं नशीब त्या एका पुस्तकात! आणि पुस्तक ठेवायचं काय अवघड, असं म्हणालात ना? थांबा. आमची कपाटं ऐका आधी.

आमच्याकडं चार कपाटं. पुस्तक आलं की त्याचं चित्राचं कव्हर आठ दिवसांत फाटतं, म्हणून आम्ही सगळ्या पुस्तकांना कापडी बांधणी करतो. सामाजिक असेल तर लाल, रहस्यकथा काळी, ऐतिहासिक हिरवी, आणि भुताखेताची जांभळी. नाव कुणी बघत नाही, लेखक कुणी विचारत नाही. माणूस येतो आणि म्हणतो, "एक लाल द्या." संपलं! लाल कपाट दुपारी घरी वाचणाऱ्या बायकांचं, त्यांच्या पुढारी सुमनबाई, सरकारी दवाखान्यातल्या नर्स. काळं कपाट एसटीवाल्यांचं, त्यांचा पुढारी भाईदास कंडक्टर. हिरवं आमच्या निवृत्त नानालोकांचं. आणि जांभळं कोण नेतं? बाजार समितीतले हमाल! दोन-दोन पोती पाठीवर घेणारी माणसं, पण पुस्तक बदलायला जोडीनं येतात.

आणि यात चूक झाली तर? एकदा झाली. बांधणीत कापड बदललं आणि एक प्रेमकथा काळ्या कपाटात गेली. तुम्हाला सांगतो, भाईदास ड्यूटी सोडून आला! एसटी बाहेर उभी, प्रवासी खिडकीतून बघतायत, आणि हा माझ्यासमोर तिकिटांची पेटी आपटून ओरडतोय, "शंभर पानं वाची टाकात मी! एक बी मुडदा नही! मुडदा कोठे शे?" मी म्हटलं, "भाईदास, शेवटी नायिका क्षयानं मरते." तर म्हणतो, "तो काय मुडदा शे?" असे हे लोक! यांच्यामध्ये मला बाईंची कादंबरी ठेवायची होती.

वाचायला घेतली. दुपारी, वाचनालय बंद असतं तेव्हा. पहिली पन्नास पानं, मंजुळा नावाची होणारी सून, खाष्ट सासू, नवरा बरा वाटतोय... मी म्हटलं, लाल! सुटलो! पेनचं टोपण काढलं, तर पुढच्या पानावर केळीच्या बागेत मुडदा. घ्या! काळं. टोपण लावलं. पुढं वाचतो तर फौजदार इतके विनोदी की मुडद्याशेजारी मी हसतोय. मग एकदम तीनशे वर्षं मागं, एक किल्ला, एक बुरूज, तो दरवेळी ढासळतो म्हणून त्यात एका बाईला चिणतात. हिरवं? आणि मग... मग ती येते.

तुम्ही यावलकडच्या केळीच्या बागेत कधी भर दुपारी गेलायत? बाहेर ऊन रणरणतंय आणि आत अंधार. पानावर पान, पाण्याचा चिखल, आणि गार! तर बाईंच्या कादंबरीत माणसं जेवून त्या सावलीत आडवी होतात, डोळा लागतो, आणि कानाशी एक बाई अगदी हळू, अगदी अदबीनं म्हणते... "जरा सरकता का?"

बास. एवढंच! दात नाहीत, उलटे पाय नाहीत, केस सोडलेले नाहीत. "जरा सरकता का?" जो सरकतो, त्याच्या शेजारी ती गप बसून राहते. जो सरकत नाही, तो संध्याकाळी घरी येत नाही. अहो, मी एकटा, दार लावलेलं, वरती पंखा कुईकुई करतोय, आणि मी खुर्चीत इतका सरकलो, इतका सरकलो की खाली पडलो! तसाच उठलो, चपला हातात घेतल्या आणि थेट बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरून लोक विचारतायत, "काय भटूभाऊ, उन्हात?" मी म्हटलं, "बरं वाटतं."

तर आता ठेवू कुठं? म्हटलं आपण ठरवायचंच नाही, वाचणाऱ्यांना विचारू. पण चारशे पानं सबंध कुणी वाचली नाहीत, जो तो इथून तिथून चाळून परत! सुमनबाईंना दिली. दुसऱ्या दिवशी दोन बोटांत उंदीर धरल्यासारखी घेऊन आल्या. "भटूभाऊ, हे लाल कपाटात ठेवाल तर बघा! दुपारी आम्ही बायका घरात एकट्या असतो. काल आमच्या मांजरानं मला ढकललं तर मी किंचाळले!" भाईदासला दिली. तो म्हणाला, "मुडदा झकास शे. पन मधमा रडारड कितली? आमना कपाटमा नको." नानालोकांना दिली. त्यांनी चष्मे पुसले, दोन दिवस वाद घातला आणि निकाल दिला, "इतिहासात भूत आणायचं तर पुरावा पाहिजे." आणि हमाल? हमालांना मी फक्त गोष्ट सांगितली. तर त्यांतला सगळ्यात धिप्पाड होता तो म्हणाला, "बठ्ठं ठीक शे भाऊ, पन ती सरकाले सांगस ना... ते नको."

आमच्याकडं एक पाचवी फळीही आहे, नाही असं नाही. तिच्यावर लिहिलंय "किरकोळ". तिथं जुनं रेल्वेचं वेळापत्रक, एक शेळीपालन, दोन पंचांगं. एकदा मनात आलं, इथंच ठेवून द्यावी. हात पुढं केला... आणि डोळ्यांसमोर चित्र आलं, साहेब उभे, बाई विचारतायत, "भटू, माझं पुस्तक?" आणि मी म्हणतोय, "बाई, शेळ्यांशेजारी!" हात आपोआप मागं आला. चारही कपाटांत एकेक ठेवावी म्हणाल, तर प्रत एकच! बाईंचं म्हणणं, "एकाच गावात चार प्रती दिल्या की लोक चण्याच्या पुड्या बांधतात." आणि साहेबांचा नियम, एका पुस्तकाला एकच कपाट. वर्धापनदिन आठवड्यावर आला, माझं जेवण तुटलं, बायको म्हणाली, "अहो, ठेवा ना कुठंतरी!" मी ओरडलो, "कुठं?" धाकटा रडायला लागला.

आणि तेव्हा आले चिंधा आबा. आमचे बांधणीवाले. दरवर्षी वर्धापनदिनाआधी येतात, ओट्यावर बसतात, शेजारी खळीचं पातेलं, आणि वर्षभराची फाटकी पुस्तकं शिवतात. त्यांनी कादंबरी हातात तोलली आणि म्हणाले, "जाड शे भाऊ. मधमा उकलाई जाई. दोन भाग करी टाकू?" आता हे आमच्यात चालतं. जाड पुस्तक टिकत नाही म्हणून दोन भाग करून बांधतात, कुणी काही म्हणत नाही. आणि तुम्हाला सांगतो, माणूस घाबरला की त्याला भलतंच सुचतं! माझ्या तोंडून निघालं, "आबा, दोन नको. चार करा."

सासू-सून-संसार एकीकडं, खून एकीकडं, किल्ला एकीकडं, आणि ती... ती एकीकडं. माझी चूक काय, सांगा? चार कपाटं, चार भाग! मला तर वाटलं, इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही? दिवसभर ओट्यावर बसून मी पानं वाटतोय, हे लाल, हे काळं, हे हिरवं, हे... आबा, हे तुम्हीच उचला. आणि सगळं जमत आलं, एक पान सोडून. आबांनी ते पान उन्हात धरलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. म्हणाले, "पाननी या बाजूले लगीन शे, त्या बाजूले मुडदा शे. उभं चिरी टाकू का?" आता आली का पंचाईत! पान एक, बाजू दोन, कपाटं दोन! लालमध्ये घातलं तर सुमनबाईंच्या संसारात प्रेत, काळ्यात घातलं तर भाईदासच्या खुनात वरात! म्हटलं, राहू द्या आबा, एका पानानं काय होतंय? आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

चार भाग बांधले. लाल, काळा, हिरवा, जांभळा. चार कपाटांत गेले. पहिले दोन दिवस काय शांतता हो! मी पोटभर जेवलो. आणि तिसऱ्या दिवशी सुमनबाई आल्या, लाल भाग छातीशी धरून. "भटूभाऊ, बाईंनी काय लिहिलंय! मंजुळेचं लग्न ठरतं, आणि पुढच्या पानावर एकदम सासू पश्चात्तापानं रडतेय! मंजुळा गेली कुठं?" मी म्हटलं, "माहेरी गेली असेल." तेवढ्यात बाजूला काळा भाग वाचत बसलेल्या भाईदासनं मान वर केली. "काय नाव म्हनात? मंजुळा? ती त मरेल शे!" सुमनबाई म्हणाल्या, "गप रे! कोण म्हणतं?" तो म्हणाला, "पुस्तक म्हनस! खुनी बी सापडी गया, तिनाच नवरा! पन त्यानी तिले कसाले मारं? तेच नही लिखेल!" सुमनबाई मटकन बाकावर बसल्या. "नवरा? अहो, तो तर किती गुणी होता!" आणि मागून आमचे नाना हिरवा भाग घेऊन आले, "एक शंका आहे. बुरुजात चिणलेल्या बाईचं नावही मंजुळाच कसं?" आणि दारातून तो धिप्पाड हमाल, जांभळा भाग हातभर लांब धरलेला, चेहरा पांढरा, म्हणतो, "ती बाई कोन शे? सरकाले सांगस, पन कोन शे ते कोठेच नही!"

मला घाम फुटला. तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या वाचनालयात लालवाले काळ्यावाल्यांशी कधी बोलत नाहीत. नमस्कारसुद्धा नाही! आणि आता हे चौघं एका बाकावर, चार भाग मांडीवर, "तुमच्यात काय झालं?" "आमच्यात फौजदार आला." "थांबा, आमच्यात तेव्हा सासूला स्वप्न पडलंय!" रोज संध्याकाळी ओट्यावर गर्दी. नर्सा, ड्रायव्हर, हमाल, पेन्शनर. सबंध गावाला मंजुळेनं झपाटलं! भाईदासच्या गाडीत एक गरीब बाई चढली, ताईबाई, लेकीकडं धुळ्याला निघालेली, त्याच्या सीटपाशी येऊन बिचारी अदबीनं म्हणाली, "भाऊ, जरा सरकता का?" भाईदासनं घंटी मारली, गाडी थांबवली आणि खाली उडी टाकली! धावत्या... म्हणजे जवळजवळ धावत्या गाडीतून! ड्रायव्हर हाका मारतोय, हा शेतात. शेवटी ताईबाई म्हणाली, "मी उभीच राहते, पण याला आणा."

आणि मी? मी एकच विचार करतोय, गावभर झालंय, बाईंना कळायला किती वेळ? दर संध्याकाळी मी रस्त्याकडं कान लावून बसायचो, चपला वाजल्या का? खिशातलं पान मला छातीला टोचायचं. फेकून देववेना, ठेववेना. ठेवू कुठं?

आला वर्धापनदिन. ओट्यावर सतरंजी, हार, साहेब, आणि पांढऱ्या साडीत केसरबाई. सबंध गाव जमलेलं. सत्कार झाला, चहा झाला, आणि बाई उठल्या. माझे पाय आपोआप जुळले. "भटू, माझं पुस्तक कुठं आहे?"

मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात गर्दीतून सुमनबाई पुढं आल्या, लाल भाग बाईंसमोर ठेवला. भाईदासनं काळा ठेवला. नानांनी हिरवा. हमालानं जांभळा, जोडीदाराचा हात धरून. मनात म्हटलं, भटू, आता सात वर्षांचं तात्पुरतंही गेलं. साहेब म्हणाले, "पण पुस्तक तर एकच होतं ना?" बाईंनी एकेक भाग उघडला, पानं चाळली. मग चष्मा काढला आणि हात पुढं केला, शाळेत चिठ्ठी पकडल्यावर करायच्या तसा. "एक पान कमी आहे. आण."

खिशातून काढलं हो मी. घामानं ओलं झालेलं. म्हटलं, आता छडी. तर बाई म्हणाल्या, "उभा राहा आणि मोठ्यानं वाच." मी उभाच होतो! वाचायला लागलो. खरं सांगतो, ते पान मी तोवर नीट वाचलंच नव्हतं, नुसतं या बाजूला लग्न, त्या बाजूला मुडदा एवढं बघितलं होतं. या बाजूला, लग्नाची वरात. बैलगाडीत नवी नवरी, मंजुळा, अंग चोरून बसलेली. नवरा चढतो आणि हसून म्हणतो, "जरा सरकतेस का?" ती सरकते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशेजारी बसायला मागितलेलं असतं, आणि तिला इतका आनंद होतो की डोळे भरून येतात. पान उलटलं. केळीची बाग, दुपार. ती चिखलात पडलेली. आणि ज्यानं मारलं तोच जरा वेळानं थकून सावलीत आडवा होतो, आणि त्याच्या कानाशी ती म्हणते...

मला पुढं वाचवेना. सुमनबाई पदर तोंडाशी धरून रडत होत्या, लाल कपाटाच्या सवयीनं नव्हे, खरंच. हमाल म्हणाला, "मंग ती भूत नही शे... ती त बसाले जागा मांगस." आणि भाईदास, शंभर मुडदे पचवलेला माणूस, नाक शिंकरून म्हणाला, "आमना कपाटमा ठेवा तिले. चाली." "वा रे वा, आमच्यात!" सुमनबाई उसळल्या. "पुरावा मिळाला, हिरव्यात!" नाना ओरडले. झालं! कालपर्यंत कुणाला नको होती, आता चारही कपाटं भांडायला लागली!

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "बाई, तुम्हीच सांगा. तुम्ही लिहिलंय. कुठं ठेवायची?" आणि तुम्हाला सांगतो, केसरबाई पहिल्यांदा खाली बघून बोलल्या. "जळगावच्या छापखान्यातही हेच विचारलं. घरीही हेच विचारलं. मला माहीत असतं तर मी भटूला कशाला विचारलं असतं?" मी बघत राहिलो. या बाईलाही भीती वाटत होती हो! आणि मी वीस वर्षं सायकलवरून उतरतोय!

पण बाई त्या बाई. लगेच मान ताठ. "आबा, चारही भाग एकत्र शिवा. ते पान जागेवर घाला. आणि भटू, योग्य जागा सापडेपर्यंत पुस्तक तुझ्या टेबलावर राहील. ज्या दिवशी त्याची जागा ठरेल, त्या दिवशी तुझ्या नेमणुकीचं ठरेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! बायकोनंसुद्धा, तिला नीट ऐकू आलं नव्हतं.

आता त्याला किती वर्षं झाली म्हणता? गावात घरोघरी रंगीत टीव्ही आले, भाईदास निवृत्त झाला, माझा धाकटा मिसरूड फुटून माझे शर्ट घालतो. कादंबरी टेबलावरच आहे, चार रंगांची, आबांनी शिवलेली. लालमध्ये ठेवायला उठलो की काळेवाले आडवे येतात, काळ्यात ठेवायला गेलो की सुमनबाई मैत्रिणी घेऊन येतात. तिला कपाट नाही आणि मला नेमणूक नाही. सासरे दिवाळीला विचारतात, मी म्हणतो, चकल्या खुसखुशीत आहेत.

आणि दुपारी... दुपारी वाचनालय बंद होतं. दार लावलेलं, वीज गेलेली, पंखा थांबलेला. मी एकटा, समोर ते पुस्तक. डोळा लागतो न लागतो तोच कानाशी, अगदी हळू, अगदी अदबीनं, "जरा सरकता का?" अंगावर काटा येतो हो, आजही येतो! मी डोळे मिटूनच सांगतो, "बाई, मी स्वतः तात्पुरता आहे, माझीच खुर्ची अर्धी आहे..." आणि सरकतो. दुसरं काय करणार?

"बसा," म्हणतो.